भूल देताना रुग्ण आपोआप का हलतो, आणि ते आधीच कसं रोखायचं

संथवारा (धागाकर्ता)

शिरेत भुलीचं औषध गेल्यापासून घशात श्वासाची ट्यूब बसेपर्यंत मधे मोजकी मिनिटं असतात. तेवढ्यात कुणाचा खांदा उडतो, कुणी हात झटकन ओढून घेतो, कुणाच्या पापण्यांपासून पायाच्या बोटांपर्यंत स्नायू थरथरत जातात, कुणाची छाती इतकी ताठरते की मास्कने श्वास देता येत नाही. रुग्णाला यातलं काही आठवत नसतं. म्हणून आमच्या व्यवसायातही 'होतं असं' म्हणून पुढे जाणारे खूप आहेत. मला हे पटत नाही, म्हणून हा धागा.

पोट भरलेल्या रुग्णाला असा झटका आला तर पोटातलं वर येऊन फुफ्फुसात जाऊ शकतं. डोळ्याला आरपार जखम असेल तर आतला दाब वाढून आतला ऐवज बाहेर येण्याची भीती असते. मोडलेलं हाड जागचं हलतं. दुबळ्या हृदयाला नेमका नको त्या क्षणी जास्त प्राणवायू लागतो. आणि साधी गोष्ट, हातातली कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवलेली औषधाची नळी, निघते. अर्धवट भूल चढलेला रुग्ण आणि शीर नाही, ही वेळ कुणावर येऊ नये.

या सगळ्या हालचाली दिसायला सारख्या वाटल्या तरी एका जातीच्या नाहीत. एटोमिडेट या झोपेच्या औषधाचा मायोक्लोनस, म्हणजे स्नायूंना आपोआप येणारे झटके, मेंदूतून येतो. सक्सिनिलकोलीन या स्नायू ढिले करणाऱ्या औषधाची थरथर स्नायूच्या पडद्यावर घडते. झोपेचं प्रोपोफॉल किंवा स्नायू ढिले करणारं रोक्युरोनियम जाताना हात मागे घेतला जातो तो शिरेतल्या आगीमुळे. फेंटानिलसारख्या तीव्र वेदनाशामक औषधाने येणारी छातीची ताठरता आणखी निराळी. कारण ओळखलं नाही तर उपाय चुकीच्या जागी जातो.

सर्वांत आधी एटोमिडेट, कारण त्यात सगळ्यात जास्त विचार करावा लागतो. हे औषध १९६४ मध्ये तयार झालं आणि १९७२ पासून रुग्णांसाठी वापरात आलं. रक्तदाब फारसा न पाडता झोपवतं, हे त्याचं मोठं बळ. हृदय अशक्त असलेल्या, रक्तस्राव झालेल्या रुग्णासाठी त्याची आठवण होते ती त्यामुळेच. पण आधी काहीही न देता ०.२ ते ०.३ मि.ग्रॅ. प्रति किलो या नेहमीच्या मात्रेत दिलं तर ५० ते ८० टक्के रुग्णांमध्ये मायोक्लोनस दिसतो. मेंदूचे सगळे भाग एकाच वेळी झोपत नाहीत. वरून लगाम धरणारे भाग आधी थंडावतात आणि खालचे भाग थोडा वेळ मोकाट सुटतात, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. ईईजीवर, म्हणजे मेंदूच्या विद्युत आलेखावर, बहुतेकदा फिटसारखे तरंग दिसत नाहीत. म्हणजे दिसायला आकडी, पण आकडी नाही.

रोखायला औषधं बरीच आहेत. मिडाझोलम, फेंटानिल, रेमिफेंटानिल, डेक्समेडेटोमिडिन, मॅग्नेशियम, लिग्नोकेन, आणि खुद्द एटोमिडेटचीच अगदी छोटी मात्रा, ०.०३ मि.ग्रॅ. प्रति किलोच्या आसपास, मुख्य मात्रेच्या साधारण मिनिटभर आधी. ठरवून कार्डिओव्हर्जन (शॉक देऊन हृदयाचा ताल सुधारणं) करायच्या रुग्णांवरचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मिडाझोलम फक्त ०.०१५ मि.ग्रॅ. प्रति किलो आधी दिल्यावर मायोक्लोनसचं प्रमाण ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आलं. एवढ्या छोट्या मात्रेने!

पेच असा की ज्याच्यासाठी एटोमिडेट निवडलं, त्याच रुग्णाला हे आधीचं औषध सगळ्यात जास्त महागात पडू शकतं. फेंटानिल सढळ हाताने दिलं की श्वास मंदावतो, दाब उतरतो. डेक्समेडेटोमिडिनने नाडी मंदावते, शिवाय ते दहा मिनिटं सावकाश द्यावं लागतं, तातडीच्या केसमध्ये तेवढा वेळ कुठला? म्हणून मी लहान मात्रेच्या बाजूचा आहे. लहान मात्रा, आणि ती दिल्यावर थांबणं. हालचाल रोखण्याचं खरं काम औषधांच्या क्रमात आणि मधल्या थांबण्यात आहे, असं माझं ठाम मत आहे. तुमचे अनुभव, वेगळी मतं जरूर लिहा. डॉक्टर नसलेल्यांनीही विचारा.

---

रात्रपाळी

सर, धागा फार वेळेवर आला. मी भूलशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फेंटानिल देऊनही मायोक्लोनस येतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. आमच्याकडे मग लगेच रिलॅक्संट (स्नायू ढिले करणारं औषध) देतात आणि हालचाल थांबते. मग आधीच्या औषधांचा खटाटोप कशाला?

---

संथवारा

रात्रपाळी, फेंटानिल आणि एटोमिडेट यांत किती अंतर ठेवता? बहुतेक ठिकाणी एक सिरिंज संपली की त्याच दमात दुसरी लावली जाते. फेंटानिलचा पूर्ण असर यायला तीन ते पाच मिनिटं लागतात, मिडाझोलमलाही दोन-तीन मिनिटं हवीत. तोवर एटोमिडेट आपलं काम करून मोकळं झालेलं असतं. म्हणजे औषध दिलं गेलं, पण त्याचा उपयोग होण्याआधीच वेळ निघून गेली. ऑक्सिजनचा मास्क लावून तुम्ही तीन मिनिटं उभे असताच, तीच मिनिटं यासाठी वापरा. मास्क लावा, फेंटानिलची छोटी मात्रा सावकाश द्या, रुग्णाशी बोलत राहा, मॉनिटर बघा, मग झोपेचं औषध. वेगळा वेळ काढावाच लागत नाही. मात्र फेंटानिल गेल्यावर रुग्ण श्वास घ्यायला विसरू शकतो, तेव्हा नजर छातीवर हवी.

आता रिलॅक्संटबद्दल. तातडीच्या केसमध्ये एटोमिडेटच्या पाठोपाठ सक्सिनिलकोलीन किंवा रोक्युरोनियम द्यायचंच असतं, तिथे मायोक्लोनस क्षणभर दिसून झाकला जातो आणि ते चालतंही. पण कार्डिओव्हर्जनमध्ये रिलॅक्संट देत नाहीत. तिथे हातपाय उडत असतील तर ईसीजीची रेघ वाचता येत नाही, आणि शॉक नेमक्या ठोक्यावर बसवायचा असतो. छोट्या मात्रेचा अभ्यास अशाच रुग्णांवर व्हावा, हे मला फार योग्य वाटतं.

दुसरा धोका जास्त गंभीर आहे. हालचाल दिसली की हात रिलॅक्संटकडे जाण्याची सवय लागली, तर एक दिवस रुग्ण खरोखरच अर्धवट जागा असतो म्हणून हलत असेल, आणि आपण त्याला बोलण्या-हलण्यासारखं ठेवणार नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमधला भुलीतल्या जागेपणाचा मोठा राष्ट्रीय आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जागं राहिल्याच्या तक्रारी एकूण सुमारे १९,००० भुलींमागे एक होत्या. रिलॅक्संट दिलेल्या रुग्णांत हेच प्रमाण ८,००० मागे एक होतं. आणि जवळपास निम्मे प्रसंग भूल देण्याच्या सुरुवातीच्या टप्प्यातले होते. म्हणून हालचाल दिसली की पहिला प्रश्न 'झोप पुरेशी आहे का?' हाच असावा. तो सुटल्यावर रिलॅक्संट.

---

अबोली

मी डॉक्टर नाही, एक आई म्हणून लिहितेय. माझ्या लेकीच्या टॉन्सिल्सच्या ऑपरेशनला मला थिएटरच्या आत तिच्याजवळ बसू दिलं होतं. मास्क लावला, ती थोडी शांत झाली आणि मग एकदम हातपाय झाडायला लागली, डोळे फिरवले, घशातून विचित्र आवाज. मला वाटलं हिला फिट आली. कुणीतरी माझा दंड धरून बाहेर नेलं आणि दार लागलं. ऑपरेशन छान झालं, पण ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. ते काय होतं हे मला आजवर कुणी सांगितलं नाही.

---

संथवारा

अबोलीताई, तुम्हाला हे आधी सांगायला हवं होतं, आणि ते सांगणं आमचंच काम आहे. नंतरही कुणी बोललं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वायूने भूल देताना जागेपण आणि गाढ झोप यांच्या मधे एक उत्तेजनाचा टप्पा येतो. आर्थर गुडेल या अमेरिकन भूलतज्ज्ञाने ईथरच्या काळात भुलीच्या पायऱ्या लावून दिल्या, त्यातली ही दुसरी पायरी. मूल बेशुद्ध झालेलं असतं, पण मेंदूचा लगाम सैल असतो. म्हणून हातपाय झाडणं, डोळे फिरणं, श्वास अनियमित होणं, घोरल्यासारखा आवाज, हे सगळं दिसतं. हल्ली मुलांना सेव्होफ्लुरेन देतात. त्यात हा टप्पा लवकर सरतो, पण पुष्कळ मुलांमध्ये दिसतोच. तुमच्या वर्णनावरून तेच असावं असं मला वाटतं. लेकीला त्यातलं काही आठवत असण्याची शक्यता जवळजवळ नाही.

बाहेर मात्र पटकन नेतात, कारण या टप्प्यात मुलाचा घसा आवळला जाऊ शकतो आणि डॉक्टरांचं सगळं लक्ष मुलाकडे लागतं. पण 'ती हातपाय हलवेल, घाबरू नका, ते होणारच आहे' एवढं वाक्य आदल्या दिवशी बोलायला कितीसा वेळ लागतो?

---

अबोली

धन्यवाद डॉक्टर. हे वाचून खूप हलकं वाटलं. नवऱ्यालाही वाचून दाखवलं.

---

शुक्रतारा

मीही भूलतज्ज्ञ. मायोक्लोनसबद्दल सहमत, पण सक्सिनिलकोलीनच्या थरथरीबाबत मला वेगळं म्हणायचंय. ती रोखायला रोक्युरोनियमची किंचित मात्रा तीन मिनिटं आधी द्यायची पद्धत आपण सगळे शिकलो. मी ती सोडून दिली. त्या किंचित मात्रेनेही काही जागे रुग्ण 'पापण्या जड झाल्या', 'दोन-दोन दिसतंय', 'गिळता येत नाही' असं सांगतात. एखाद्याला श्वास अपुरा वाटतो आणि तो भेदरतो. भरल्या पोटाच्या रुग्णाचं गिळणं ट्यूबच्या आधीच ढिलं करायचं, हे मला पटत नाही. शिवाय मग सक्सिनिलकोलीनही वाढवून, १.५ मि.ग्रॅ. प्रति किलो द्यावं लागतं.

आणि हे सगळं कशासाठी, तर सक्सिनिलकोलीननंतर दुसऱ्या दिवशी होणाऱ्या अंगदुखीसाठी. पण थरथर किती दिसली आणि अंग किती दुखलं यांचा थेट संबंध नाही. २००५ मधल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिनसारखी वेदनाशामकं आणि लिग्नोकेन अंगदुखीवर उपयोगी ठरली. मग मी तीच देईन, रुग्णाला चालत असतील तर.

थरथर मला उपयोगीही वाटते. ती चेहऱ्यापासून पायाकडे जाऊन थांबली की औषध लागू पडलं, आता ट्यूब टाकायला हरकत नाही, हे मशीनशिवाय कळतं.

---

संथवारा

शुक्रतारा, अंगदुखीबद्दल तुमचं म्हणणं मान्य. जागेपणी पापण्या जड झाल्याचा अनुभव रुग्णाला फार घाबरवतो, हेही खरं. ज्यांना ती मात्रा द्यायचीच आहे त्यांनी रोक्युरोनियम ०.०३ ते ०.०६ मि.ग्रॅ. प्रति किलोच्या वर जाऊ नये, रुग्णाला काय वाटेल ते आधी सांगावं आणि त्या तीन मिनिटांत बाजूला होऊ नये. ट्यूब अवघड जाईल असं वाटत असेल तर हा मार्ग नकोच.

वाचकांसाठी थोडं. सक्सिनिलकोलीन १९५१ च्या सुमाराला वापरात आलं. ते स्नायूला आधी चेतवतं आणि मग ढिलं करतं, म्हणून ही थरथर. पिळदार तरुणांमध्ये ती ठसठशीत दिसते, लहान मुलांमध्ये फार कमी. खरी काळजी थरथरीपेक्षा रक्तातल्या पोटॅशियमची. निरोगी माणसात ते अर्ध्या एककाने वाढतं. पण भाजून काही दिवस झालेले, मज्जारज्जूच्या दुखापतीने पाय लुळे पडलेले, स्नायूंचे आनुवंशिक आजार असलेले, यांच्यात ते इतकं वाढू शकतं की हृदय थांबतं. तिथे थरथर कशी रोखावी ही चर्चाच व्यर्थ आहे, ते औषधच नको.

---

नेत्रांजन

डोळ्यांचा सर्जन म्हणून एक प्रश्न. उघडी जखम असलेल्या डोळ्याच्या केसला आम्ही भूलतज्ज्ञांना 'स्कोलीन (म्हणजे सक्सिनिलकोलीन) नको' म्हणतो. थरथर रोखली तर चालेल का?

---

शुक्रतारा

थरथर रोखून डोळ्याचा दाब खात्रीने रोखला जात नाही. डोळा फिरवणारे स्नायू या औषधाने थरथरण्याऐवजी बराच वेळ आवळून राहतात, शिवाय डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांचाही वाटा असतो. दाब वाढतो तो काही मिनिटं टिकतो. रोक्युरोनियम १ ते १.२ मि.ग्रॅ. प्रति किलो दिलं तर साधारण मिनिटभरात ट्यूब टाकता येते आणि थरथर नसते. शुगॅमाडेक्स हे उतारा औषध हाताशी असेल तर रोक्युरोनियमचा असर उलटवताही येतो. पण एक सांगते, सगळ्यात जास्त दाब अपुऱ्या झोपेत ट्यूब टाकताना रुग्ण खोकला तर वाढतो. माझा भर खोल झोपेवर असतो.

---

ओटी_सिस्टर

सगळे औषधांवर बोलताहेत, मी शिरेवर बोलते. अर्ध्याअधिक हात झटकणं शिरेच्या निवडीत असतं. हाताच्या पाठीवरच्या बारीक शिरेत प्रोपोफॉल गेलं की माणूस 'आई गं' म्हणतो आणि हात ओढतो. तेच कोपराच्या पुढच्या मोठ्या शिरेतून गेलं तर बहुतेकांना कळतही नाही. आम्ही ड्रिप जोरात चालू ठेवतो आणि औषध सावकाश सोडायला सांगतो.

आणखी एक. थायोपेंटोन हे झोपेचं औषध गेल्यावर सलाईनने नळी धुतल्याशिवाय रोक्युरोनियम द्यायचं नाही. दोन्ही नळीत भेटली की पांढरा साका धरतो आणि लाईन बंद पडते. शिकाऊ मंडळींना हे एकदा डोळ्यांनी दाखवलं की पुरतं.

हात दाबून धरू नका ही माझी कळकळीची विनंती. आधार द्या, कोपराखाली गादी ठेवा, कॅन्युलावर एक चिकटपट्टी जास्त लावा. जोराने दाबलेल्या हाताला इजा होते आणि झटका काही थांबत नाही. आणि उशीखाली चालू सक्शन (तोंडातलं पाणी-स्राव ओढून घेणारी नळी) आहे ना, हे मी स्वतः बघते.

---

संथवारा

सिस्टर, अगदी बरोबर. प्रोपोफॉलसाठी आणखी एक खात्रीचा उपाय आहे. दंडाला टूर्निके (आवळपट्टा) बांधून लिग्नोकेन ०.५ मि.ग्रॅ. प्रति किलो द्यायचं, ते शिरेत अर्धा ते एक मिनिट थांबू द्यायचं, मग टूर्निके सोडून प्रोपोफॉल. यातही नुसतं लिग्नोकेन देऊन लगेच पुढे गेलं तर गुण कमी येतो, पुन्हा थांबण्याचाच मुद्दा.

रोक्युरोनियमने तर झोपलेला रुग्णही हात ओढतो, मुलांमध्ये जास्तच. ते आम्लधर्मी औषध आहे, शिरेला झोंबतं. मोठी शीर, वेळेवर दिलेलं फेंटानिल, सावकाश इंजेक्शन, यांनी ते पुष्कळ कमी होतं.

फेंटानिलच्या ताठरतेवरही हाच इलाज, ते भसकन सोडू नका. मोठी मात्रा झपाट्याने गेली की छाती आणि स्वरयंत्र दोन्ही आवळतात. मग मास्कने हवा जाईना झाली तर वाट बघू नका, तिथे रिलॅक्संट हाच उपाय आहे.

---

कुतूहल

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. एक जोड देतो. भुलीच्या वायूंची ताकद मोजायचं माप म्हणजे मॅक. त्या प्रमाणात वायू दिला तर कातडीला छेद देताना निम्मे रुग्ण हलत नाहीत. हे माप १९६० च्या दशकात रूढ झालं. पुढे १९९३ मध्ये मोठा मेंदू काढून टाकलेल्या उंदरांवर तेच मोजलं, तर आकडा फारसा बदलला नाही. म्हणजे छेद देताना होणारी हालचाल मुख्यतः मज्जारज्जूची प्रतिक्रिया. हललेला प्रत्येक रुग्ण जागा नसतो, आणि न हललेला प्रत्येक रुग्ण झोपलेला नसतो. दुसरी बाजू तपासायला टन्स्टॉलने १९७७ मध्ये एक रीत मांडली. रिलॅक्संट देण्याआधी एका हाताला पट्टा फुगवून तो हात औषधापासून वेगळा ठेवायचा आणि रुग्णाला 'माझा हात दाबा' म्हणायचं.

---

संथवारा

कुतूहल, हे इथे यायलाच हवं होतं. आभार. म्हणूनच आम्हाला हालचालीची जात बघावी लागते. मायोक्लोनस तालहीन असतो, वेगवेगळ्या स्नायूंत उड्या मारतो. सुई टोचली, घसा उघडला अशा कारणाला धरून आलेली हालचाल वेगळी दिसते. तिला झोप वाढवणं हे उत्तर.

---

मुसाफिर७

मला लहानपणापासून फिट्सचा त्रास आहे, गोळ्या चालू आहेत. पुढच्या महिन्यात पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. धागा वाचून थोडी भीती वाटली. भुलीत फिट येईल का?

---

संथवारा

मुसाफिर, भीती वाटणं स्वाभाविक आहे, पण भुलीची बहुतेक औषधं फिट दाबणारीच आहेत. प्रोपोफॉल तर न थांबणाऱ्या फिटवर उपचार म्हणून आयसीयूत वापरतात. एटोमिडेट मात्र फिटचं केंद्र जागं करू शकतं, तुमच्या भूलतज्ज्ञांना ते ठाऊक असतं आणि इतर औषधं आहेतच. धोका जास्त असतो तो गोळी चुकल्याचा. 'उपाशी राहा' म्हटलं की लोक सकाळची फिटची गोळीही टाळतात. ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीत स्पष्ट विचारा. साधारणपणे ती गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात.

तपासणीला जाताना गोळ्यांची नावं आणि मात्रा लिहून न्या. शेवटची फिट कधी आली, ती सुरू कशी होते, किती वेळ चालते, हेही लिहा. घरातल्या कुणी ती पाहिली असेल तर त्यांना बरोबर न्या, कारण तुमच्या फिटचं वर्णन तुमच्यापेक्षा तेच नीट सांगू शकतील. शुद्धीवर येताना अंग थरथरलं तर ती थंडीची थरथर आहे की फिट, हे त्या वर्णनावरून आम्हाला लगेच ओळखता येतं.